तिरका ट्रेलर

१८ फेब्रुवारी १९६३, सोमवार. महाड

पुन्हा टायर खाल्ला! डावीकडचा. आतल्या बाजूने असा सोललाय, की कुणी विळीवर धरून खवला असावा. आमचा ड्रायव्हर हैबती ओट्याखाली उभा. टोपी हातात. बघतोय कुठे — तर तुळशीकडे.

“वैनी, टायर गेला.”

“दिसतंय.”

“पोलादपूरचा मिस्त्री म्हनला, मालकास्नी घेऊन ये.”

मालक! मालकांना जाऊन या श्रावणात दोन वर्षं होतील. कावीळ झाली आणि बघता बघता गेले. हैबती ते विसरलेला नाही, पण तोंडातून अजून तेच येतं. मग स्वतःच जीभ चावतो.

या ट्रेलरचं काय करावं! ह्यांनी तो मुंबईला लष्कराच्या लिलावात घेतला होता. ट्रकमागे जोडायचा, एका आसाचा, चार टायरांचा. सागाचे ओंडके, हल्ली विजेचे खांब — असलं लांब सामान त्याच्याशिवाय घाटातून जात नाही. हैबती त्याला ‘टेलर’ म्हणतो. मला सारखा शिंपी डोळ्यांपुढे येतो.

आणि तो पोलादपूरचा कोंडाजी मिस्त्री! दर महिन्याला ट्रेलर बोलावतो. ग्रीस, बेअरिंग, बोल्ट — काही ना काही असतंच. इतक्यांदा तर माहेरवाशिणीलाही कुणी बोलावत नाही. हा मनुष्य आम्हाला बनवतो आहे. बाईचा कारभार, विचारणारं कोण, असं वाटलं असेल त्याला.

मीच जाते आता.

२० फेब्रुवारी

सासूबाईंना सांगितलं. पान चघळत होत्या.

“बाईमानूस गॅरेजात जाऊन काय करनार?”

“बघणार.”

“काय कळतंय तुला त्यातलं?”

“काही नाही.”

“मंग जा,” म्हणाल्या. “कळत नसलं की मानूस नीट बघतं.”

या बाईंचं काही सांगता येत नाही. बरं, त्यांना अक्षर येत नाही, म्हणून इथे मोकळेपणी लिहिता तरी येतं. माझे वडील शाळामास्तर होते, त्यांनी मारून-मुटकून सातवीपर्यंत नेलं. त्याचा उपयोग हा असा!

२१ फेब्रुवारी

जाऊन आले.

गॅरेज म्हणजे चार वासे, वर पत्रे, आणि तेल पिऊन काळी झालेली जमीन. मागे त्याचं घर. समोर कशेडीचा चढ. केबिनमधून उतरले तर पहिलं पाऊल तेलात, चप्पल तिथेच. हा आपला चाकाशी उकिडवा. वर बघायचं नाव नाही. हातोडीने ठोकतोय, कान लावून ऐकतोय, वैद्य नाडी बघतो तसा. आणि चक्क बोलतोय त्याच्याशी! “काय रे, कुटं दुखतंय?”

मी म्हटलं, “दुखणं मला सांगा. तो काही बोलायचा नाही.”

तेव्हा मान वर केली. चाळिशी उलटलेली. हात कोपरापर्यंत काळे. मिशी डावीकडे वर, उजवीकडे खाली. खुर्ची-बिर्ची नाही, एक पिंप उपडं केलं आणि त्यावर पोतं टाकलं — माझ्या लुगड्याला नाही, त्या पोत्याला डाग लागू नये अशा बेताने!

सरळच विचारलं, “दर महिन्याला काय काम निघतं हो?”

रागावला नाही. “बैलाला रोज पानी. ह्याला म्हयन्यानं ग्रीस.”

झालं. भाषण संपलं.

टायरचं विचारलं तर म्हणाला, “तिरका चालतोय. आस सरकलाय.” आणि दोरी काढली. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला लोखंडी कडी असते, ट्रकला अडकवायची. तिच्या मध्यापासून आसाच्या डाव्या टोकापर्यंत दोरी ताणायची, तिथे गाठ मारायची. मग तीच दोरी उजव्या टोकाला न्यायची. गाठ बरोबर टोकावर आली तर ट्रेलर सरळ. नाहीतर खेकडा!

कडीकडचं टोक हैबतीला दिलं. हैबती बोलताना हात हलवतो — आणि हैबती सारखा बोलतो.

“ऱ्हाऊ दे,” कोंडाजी म्हणाला. इकडेतिकडे बघितलं. माझ्याशिवाय होतं कोण? मी उठले, पदर खोचला, टोक धरलं.

“कडीच्या मदोमद. वडा. सैल नको.”

ओढली.

“आजून.”

मला वाटलं, एक तर दोरी तुटेल नाहीतर मी. उजवीकडे गाठ टोकाच्या पलीकडे गेली. पाच सूत! आठ सुतांचा एक इंच, म्हणजे बोटाच्या पेराएवढासुद्धा फरक नाही.

“एवढ्याशाने काय होतंय?” मी म्हटलं.

“टायर जातो,” म्हणाला. “मंग मानूस.”

हे मात्र थट्टेवर नेता आलं नाही.

पाटे म्हणजे आसावर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, धक्के सोसायला. त्यांच्या मधला बोल्ट तुटला होता. त्यामुळे डावीकडून आस मागे घसरला होता. नवा बोल्ट घातला, आवळला, पुन्हा दोरी. या वेळी गाठ टोकावर.

निघताना राहवलं नाही. “मिस्त्री, तुमची मिशीपण दोन सूत तिरकी आहे. तीही मोजून घ्या.”

हैबती असा हसला की टोपी पडली. कोंडाजी हसला नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल!

बनवत नाही हा मनुष्य. कबूल. या वहीच्या पानाला कबूल, त्याला नाही.

२५ फेब्रुवारी

छबिन्याच्या, देवाच्या पालखीच्या, गर्दीतून हैबतीने ट्रेलर आणला. खूश आहे. “नवरीवानी चालतोय, वैनी. खाली मान घालून, सरळ.”

मी काही अशी चालले नव्हते. लग्नातसुद्धा!

१२ मार्च

शिमग्याला महिपत भावजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ, मुंबईला गोदीत आहेत. दर खेपेला थोडी जास्त मुंबई घेऊन येतात. यंदा काळा चष्मा. पालखी नाचली, तीही काळ्या चष्म्यातून बघितली. देव ओळखू आला की नाही कोण जाणे.

जेवणं झाल्यावर विषय काढला. “वैनी, ये झंझट किसलिए? पनवेलला गिऱ्हाईक हाय. ट्रक, टेलर दोनी घेतो. तुमी आनि आई मुंबईला चला. खोली हाय, नळ हाय, लाइट हाय. एकदम फर्स्टक्लास!”

त्या खोलीत मी एकदा राहून आले आहे. भावजी, जाऊबाई, मुलं, जाऊबाईंचा भाऊ. कुणी वाईट वागणार नाही. अगदी मायेने वागतील. आणि भाकऱ्या मी भाजीन — मरेपर्यंत.

इथे सकाळी हैबती ओट्याशी येऊन विचारतो, “वैनी, आज खेड का बिरवाडी?” आणि मी सांगते. एवढंच तर आहे. पण हे ‘मी सांगते’ सोडवत नाही.

“नाही विकायचा,” म्हटलं.

“अवो, भंगार हाय तो! टायर खातो, तिरका चालतो. येक दिवस हैबतीला घेऊन जाईल खाली दरीत.”

खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. “आता सरळ केलाय,” मी म्हटलं.

सासूबाईंनी पिचकारी टाकली आणि निकाल दिला. “पावसापातुर चालव. तवर तिरका चालला, तर महिपत म्हनतो तसं. नाय चालला, तर कुनी पुना विषय काडायचा नाय.”

भावजी गालात हसले. म्हणजे माझं सगळं आयुष्य आता पाच सुतांवर!

१५ मार्च

पोलादपूरला गेले. घरची पैज कोंडाजीला सांगितली. ऐकून घेतली, चाकाला टेकून.

“मंग दर पंदरवड्याला आना.”

महिन्याचं पंधरवड्यावर आलं!

आणि मिशी — सारखी! दोन्हीकडे कातरलेली, नीट. मी काही बोलणार नव्हते. पण म्हटलं, “आज सगळंच सरळ दिसतंय इथे.” पाना शोधायला म्हणून ट्रेलरखाली गेला, तो लवकर बाहेरच येईना.

२९ मार्च

आज चाक उतरवून आतलं बेअरिंग धुतलं. रॉकेलमध्ये, परातीत. गोळ्या अशा चकचकीत निघाल्या, की सासूबाईंच्या सोन्याच्या पुतळ्या लाजतील. जुनं ग्रीस बोटावर घेऊन मला हुंगायला दिलं. जळकट वास आला तर समजावं, चाक तापतंय. मी हुंगलं. मला सगळं सारखंच घाण वाटलं. तसं सांगितलं.

“चार खेपा हुंगा. कळंल.”

म्हणजे अजून चार खेपा. बरं!

१२ एप्रिल

भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी नेली होती. हैबतीसाठी. (पानाशी तरी खरं बोलावं — तिघांसाठी.) कोंडाजींनी एक घास खाल्ला, थांबले. “मीट कमी हाय.”

“किती सूत?” मी विचारलं.

हसले! पहिल्यांदा. समोरचा एक दात अर्धा तुटका आहे. म्हणून हसत नसतील इतके दिवस.

मग बोल्ट आवळता आवळता आपणहून सांगितलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक लेक, ती खेडला दिली. “सनाला येती.” एवढंच. पाना फिरतच होता. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मीही बोल्टाकडेच बघितलं.

घरी येऊन हे लिहिताना लक्षात आलं, मागच्या पानांवर ‘म्हणाला’ आहे आणि इथे ‘थांबले’, ‘हसले’. कधी झालं हे?

२३ एप्रिल

शेजारची साळूबाई विरजण मागायला आली. विरजण घेतलं आणि गेली नाही. “तुमचा टेलर लय आजारी असतो गो? पोलादपूरला सारकी पायपीट.”

“असतो.”

“पेठंत म्हनत्यात, दोरी धरायला बी तूच लागतीस. सूत जमलंय म्हनत्यात.”

हसत हसत म्हणाली. माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं, इतकं मला आठवतं. विनोद करायची एवढी सवय आहे मला, पण त्या वेळी एकही सुचला नाही.

संध्याकाळी हैबतीला म्हटलं, “उगाच पोलादपूरला थांबत जाऊ नकोस. काही मोडलं-बिडलं तरच.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तुळशीकडे. “बरं,” म्हणाला.

३ मे

पंधरवडा होऊन गेला. गेले नाही.

८ मे

हैबती सांगतो, रस्त्यात मिस्त्री भेटले होते. विचारत होते, मालकीणबाईंची तब्येत बरी हाय ना.

सांग म्हणावं, उत्तम आहे. इतकी उत्तम की झोप येत नाही.

१८ मे

कालचं आज लिहिते आहे.

सकाळी हैबती विजेचे खांब भरून खेडकडे निघून गेला होता. मी दळण घेऊन गिरणीकडे चालले होते. आमच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत फुफाटा नुसता. त्यात चाकांचे ठसे. मी सहज बघितलं आणि पाय तिथेच थांबले. ट्रेलर सरळ असला की त्याची चाकं ट्रकच्या चाकांच्या ठशावरून जातात, एकच पट्टा उमटतो. इथे दोन! ट्रकचा पट्टा एकीकडे, ट्रेलरचा त्याच्या शेजारून, चार बोटं बाहेर.

खेकडा!

दळण कुणाच्या ओट्यावर टाकलं देव जाणे. सासूबाईंना दारातूनच सांगितलं, “घाटाकडे जाते.” महिपत भावजी आंब्यांच्या दिवसांत रजेवर आलेत, ते झोपलेले. एस.टी. मिळाली. पोलादपूरला उतरून धावतच गॅरेजात. मनात एकच — हैबती इथे थांबलेला असू दे.

“थांबला नाय,” कोंडाजी म्हणाले. “हात केला आनि गेला.”

“मीच सांगितलं होतं, थांबू नको म्हणून.”

“ठाव हाय.”

“का सांगितलं तेही ठाऊक आहे?”

जॅक उचलत होते. “महाडात बोलत्यात ते पोलादपुरात बी ऐकू येतं.” मग म्हणाले, “चला.”

दुसरं काही नाही. राग नाही, टोमणा नाही. एक कोळशाचा ट्रक वर चालला होता, त्याला थांबवून जॅक, फळ्या, दोरी वर टाकली. मी केबिनमध्ये, कोंडाजी मागे कोळशावर. अख्ख्या पोलादपूरने बघितलं असेल. मला त्या वेळी ते सुचलंही नाही.

अर्ध्या घाटात, एका वळणावर, दिसला. ट्रेलरचं शेपूट रस्त्याबाहेर. डावी चाकं हवेत, दरीवर. खांबांची दोरखंडं तुटून निम्मे खांब खाली गेलेले. ट्रकच्या चाकांना दगड लावलेले, आणि हैबती कडेच्या दगडावर बसलेला, टोपी मांडीवर. जिवंत! मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. मला ओरडायचं होतं त्याच्यावर. रडायलाच आलं.

“वैनी, वळनावर ढुंगान फिरवलंन त्यानं,” हैबती म्हणाला. “मी सरळच चाललो व्हतो. आईशप्पत.”

“माहीत आहे रे. माझीच चूक.”

खालून-वरून गाड्या अडकल्या. एस.टी.तली माणसं उतरून उभी राहिली, त्यांत महाडची निम्मी पेठ. कोळशाच्या ट्रकने दोरखंड बांधून ओढलं, खाली जॅक आणि फळ्या, दहा-बारा माणसांचे हात. चाकं वर आली. लोक ओरडले. कोंडाजी तोवर ट्रेलरखाली गेलेले होते.

बाहेर आले ते मला सांगायला. माझ्याशीच बोलले, हैबतीशी नाही. पाटे ज्या खिळीवर टांगलेले असतात, तिचं भोक झिजून लांबट झालं होतं, अंड्यासारखं. मधला बोल्ट कितीही नवा घातला तरी त्या भोकात खीळ मागेपुढे होणार आणि आस पुन्हा सरकणार. “पंदरवड्याला आला असता तर दिसलं असतं,” म्हणाले. ठपका नव्हता त्यात. नुसतं कसं झालं ते.

आता तात्पुरती पट्टी ठोकून आस जागेवर आणायचा आणि हळूहळू खाली न्यायचा. पण आधी मोजायला हवं.

तेवढ्यात खालून धापा टाकत महिपत भावजी. मागच्या एस.टी.ने आलेले, अडकलेल्या गाड्यांमधून चालत. माझ्यापाशी आले आणि चष्मा काढला. “वैनी... आई म्हनली तुमी घाटात गेल्या. खाली लोक म्हनाले, टेलर दरीत गेला. मला वाटलं तुमी बी त्यातच...” हिंदीचा एक शब्द नाही! या माणसाला मी इतके दिवस नुसतं हसत होते.

मग स्वतःला सावरायला म्हणून असेल, पुढे झाले आणि दोरीचं टोक त्यांनीच धरलं. पांढरी पँट. गुडघा टेकवेना. उभ्यानेच धरलं.

“सैल हाय,” कोंडाजी म्हणाले.

भावजींनी ओढलं. कडीवरून सुटलं.

“सैल हाय.”

सगळे बघत होते. साळूबाईचा नवरा एस.टी.च्या पायरीवर उभा होता, तोही. मी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग भावजींच्या हातातून दोरी घेतली, खाली बसले, कडीच्या मधोमध अंगठा रोवला आणि ओढली. कोंडाजी पलीकडच्या टोकाला. “आजून.” ओढली. “बास.”

कोंडाजींनी पट्टी ठोकली, पुन्हा दोरी, पुन्हा ठोकली. आम्ही कितीदा मोजलं कोण जाणे. शेवटी गाठ टोकावर आली. तेव्हा ते दरीकडे तोंड करून उभे राहिले आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. इतकं काळं झालं तोंड! मी म्हटलं, “मिस्त्री, आता मिशी कुठे आहे तेच कळत नाही.”

लोक हसले. मलाही हसू फुटलं, रडत होते तरी.

२० मे

निकालाचा दिवस.

भावजी हळूच म्हणाले, “आई, ठरलं व्हतं. पावसाआदी तिरका चालला, तर...”

ठरलंच होतं. आणि हैबती त्या दगडावर बसलेला अजून माझ्या डोळ्यांपुढे होता.

सासूबाईंनी चुना लावला, सुपारी घातली, पान दुमडलं. घाई नाही.

“तिरका चालला. पन घरी आला का नाय?”

“आला.”

“मंग? तुजा बाप बी बाजारच्या दिवशी तिरका चालत यायचा. म्हनून काय विकला मी त्याला?”

भावजी हसायला लागले ते थांबेनातच. मी आत पळाले. चुलीपुढे बसून हसले. हैबती अंगणात काय झालं म्हणून विचारत राहिला.

ट्रेलर माझा! पुन्हा विषय नाही!

२६ मे

कोंडाजी महाडला आले. भोक बुजवून नवं पाडायचं होतं, ते काम इथल्या लेथवरच होतं. काम झाल्यावर हैबती त्यांना घरी घेऊन आला. ओट्यावर टेकले, अगदी कडेला, उठून पळायचं असल्यासारखे. सदरा धुतलेला. नखांत मात्र ग्रीस.

सासूबाई पानाच्या डब्यावरून बघत राहिल्या. चहा दिला, चिवडा दिला. गाव विचारलं, लेक विचारली. ट्रेलरबद्दल एक अक्षर विचारलं नाही!

गेल्यावर मी कप उचलत होते. मागून म्हणाल्या, “माजा लेक गेला गो. तू कशाला अर्दी जातीस?”

मी न वळता मोरीवर गेले आणि एकच कप तीनदा धुतला.

२८ मे

सासूबाईंनीच सगळं समजावलं. आमच्यात पाट लागतो, विधवेचं दुसरं लग्न होतं, नवीन काही नाही. लोक चार दिवस बोलतील, मग त्यांना दुसरं काही मिळेल. पण पाट लावून जाणारी बाई मागल्या घरचं काही नेत नाही. भांडं नाही, दागिना नाही. ट्रक नाही. ट्रेलर तर नाहीच.

“हे आदीच सांगते,” म्हणाल्या. “मागनं रडू नकोस.”

“मी कुठे म्हटलं जाते म्हणून?”

“नाय म्हनलीस,” म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत बसल्या.

ते काही म्हणत नाहीत अजून. पोलादपूरचे ते! विचारणार पण नाहीत. ग्रीसचं सोडून आपणहून काही बोलायचं म्हणजे त्यांना वर्ष लागेल.

४ जून

सकाळी हैबती ओट्याशी. “वैनी, खेड का बिरवाडी?” बिरवाडी, म्हटलं. गाडी गेल्यावर बराच वेळ उभी होते. एवढ्यासाठी भांडले मी. मिळालंही. आणि दिवसभर वाटत होतं, पोलादपूर का नाही विचारत हा मेला?

१४ जून

कशेडीत दरड. घाट बंद. ट्रेलर दारात, हैबती ट्रेलरखाली झोपलेला. सासूबाई म्हणतात, बरंय, दोघांनाही विश्रांती.

२१ जून

भावजींना सगळं सांगितलं, मी जायचं ठरवलंय हेही. मुंबईहून मुद्दाम बोलावलं होतं. वाटलं होतं चिडतील. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “दादा असता तर तुमाला आडवलं नसतं.”

दादा असता तर प्रश्नच कुठे होता! पण त्यांना म्हणायचं होतं ते पोचलं.

२७ जून. पोलादपूर

ट्रक, ट्रेलर, चाव्या — सगळं सासूबाईंच्या पायाशी ठेवलं आणि एका लुगड्यानिशी एस.टी.त बसले. मीच विचारलं, पाट लावता का म्हणून. कोंडाजी पत्र्याखाली घमेलं सरकवत होते. ऐकून सरकवतच राहिले.

“घर गळतं माजं.”

“दिसतंय.”

“टेलर?”

“तो त्या घरचा. मी एकटीच आले आहे.”

घमेलं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं.

“मंग भिजत का उभी ऱ्हायलीस? ये गो आत.”